एका अश्वशक्तीला २७ हजार ४०० रुपये

एप्रिल २०१३मध्ये फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय भारतात आली. ताकद १०५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. सप्टेंबर २०२१मध्ये ह्युंदाईची आय-२० एन लाइन आली, १२० पीएस आणि १७२ न्यूटन-मीटर. जून २०२४मध्ये टाटांची अल्ट्रोझ रेसर आली, १२० पीएस आणि १७० न्यूटन-मीटर. म्हणजे अकरा वर्षांत ताकद १५ पीएसने वाढली आणि टॉर्क तीन ते पाच न्यूटन-मीटरने घटला.

हे आकडे मी वहीच्या एका पानावर एकाखाली एक लिहिले, तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. माझ्याकडे २०१५ची पोलो जीटी आहे. गेली दोन वर्षं दर दिवाळीला घरात तोच विषय निघतो. गाडी दहा वर्षांची झाली, आता एक्स्चेंजमध्ये देऊन नवी काढायची, की अजून थांबायचं? दर वेळी चर्चा रंगाच्या, सनरूफच्या आणि शेजाऱ्यांच्या नव्या गाडीच्या वळणावर जाऊन संपते. या वेळी ठरवलं, की आधी आकडे मांडायचे आणि मग बोलायचं. माझ्यासारखे बरेच जण असणार, म्हणून तो हिशोब इथे सविस्तर देतो.

आधी ‘हॉट हॅच’ म्हणजे काय ते सांगतो. रोजच्या वापराची, मागे डिकीचं दार असलेली छोटी गाडी, पण इंजिन तिच्या वजनाच्या मानाने दमदार. ही कल्पना रुजवली ती १९७६च्या गोल्फ जीटीआयने. तिचं इंजिन ११० पीएसचं आणि वजन ८१० किलो. कंपनीला ५ हजार गाड्या खपवायच्या होत्या, पहिल्या पिढीच्याच ४ लाख ६० हजारांवर खपल्या. टनामागे ताकद काढली तर ती गाडी १३६ पीएसवर जाते. माझी पोलो सुमारे ११०० किलोंची, म्हणजे टनामागे ९५. त्यामुळे आपल्याकडे जिला हॉट हॅच म्हणतात ती खरं तर कोमट आहे, हे मान्य करून पुढे जाऊ. तरीही ज्याने ती पसरणीच्या घाटात चालवली आहे त्याला ती कोमट वाटत नाही, आणि त्याचंही कारण आकड्यांतच आहे.

गाडीच्या जाहिरातीत ताकद मोठ्या अक्षरात असते. पण ती पूर्ण ताकद मिळते इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांवर फिरवलं तर. रोजच्या रस्त्यावर आपण तिथवर जातो कधी? वाईहून पाचगणीला चढताना पुढे उसाची ट्रॉली असते, वळण संपतं, शंभर-दीडशे मीटरचा सरळ तुकडा मिळतो आणि तेवढ्यात ती ओलांडायची असते. तिथे कामाला येतो टॉर्क, आणि तो किती खालच्या फेऱ्यांवर मिळतो ते. पोलोचे १७५ न्यूटन-मीटर १५०० फेऱ्यांपासून ४१००पर्यंत सलग मिळतात. एन लाइनचे १७२ मिळतात १५०० ते ४००० या पट्ट्यात, रेसरचे १७० मिळतात १७५० ते ४०००मध्ये. आकडे जवळपास एकच. कंपन्यांनी सांगितलेला शून्य ते शंभरचा वेळही तसाच, पोलोचा ९.७ सेकंद आणि एन लाइनचा ९.९. मी मित्राची नवी टर्बो हॅचबॅक त्याच घाटात चालवून पाहिली. स्क्रीन मोठा, सीट छान, आवाज कमी. पण ट्रॉली ओलांडताना पोटात जे होतं ते तेवढंच झालं, जास्त नाही.

आता पैशांकडे येऊ. इथून पुढचे काही आकडे मी गृहीत धरले आहेत. तुमच्या गाडीचे तुम्ही घाला, रीत तीच राहील.

नव्या टर्बो हॅचबॅकची एक्स-शोरूम किंमत ११ लाख धरू. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आहे, १० ते २० लाखांना १२ टक्के. म्हणजे १ लाख ३२ हजार. पहिल्या वर्षीचा विमा ४० हजार, पासिंग आणि किरकोळ ८ हजार. ऑन-रोड झाले १२ लाख ८० हजार. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस लागतो, म्हणजे ११ हजार. तो प्राप्तिकरात वळता होतो म्हणून हिशोबात धरलेला नाही.

जाता जाता इथे एक खाचखळगा दाखवतो, कारण शोरूममध्ये तो कुणी दाखवत नाही. ९ लाख ९९ हजारांच्या गाडीला रोड टॅक्स १ लाख ९ हजार ८९० रुपये. १० लाख १ हजारांच्या गाडीला १ लाख २० हजार १२०. गाडी २ हजारांनी महाग झाली आणि कर १० हजार २३० रुपयांनी वाढला, कारण वरचा दर फक्त वरच्या रकमेला नाही, पूर्ण किमतीला लागतो. शिवाय टीसीएसमध्ये अडकणारे पैसे वेगळे. व्हेरियंट निवडताना ही सीमा कुठे पडते ते पाहूनच बोट ठेवा.

जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये साडेतीन लाखांना गेली असं धरू. वर खिशातून १ लाख ३० हजार घातले आणि ८ लाखांचं कर्ज काढलं. दर ९ टक्के, मुदत पाच वर्षं. हप्ता येतो १६ हजार ६०७ रुपये आणि पाच वर्षांत व्याजापोटी जातात १ लाख ९६ हजार.

पाच वर्षांनी गाडीचं मोल काय राहील? बाजारभाव मॉडेलवर ठरतो, पण विमा कंपन्या जी घसाऱ्याची पट्टी वापरतात ती चांगला आधार देते. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. ही पट्टी एक्स-शोरूम किमतीवर चालते, ऑन-रोडवर नाही. रोड टॅक्स आणि पहिला विमा हे पैसे गाडी दारात येण्याआधीच गेलेले असतात. म्हणजे १२ लाख ८० हजारांच्या गाडीचे पाच वर्षांनी ५ लाख ५० हजार. घट ७ लाख ३० हजार. तिच्यात व्याजाचे १ लाख ९६ हजार मिळवा, दरवर्षी १५ हजार धरून सर्व्हिसिंगचे ७५ हजार, आणि दुसऱ्या ते पाचव्या वर्षाचा विमा दरसाल १८ हजारांप्रमाणे ७२ हजार. बेरीज १० लाख ७३ हजार.

आता जुनी गाडी ठेवली तर. आज साडेतीन लाखांची गाडी पाच वर्षांनी दीड लाखाला जाईल असं धरू. घट २ लाख. जुन्या गाडीचा खर्च नव्यापेक्षा जास्तच, म्हणून सर्व्हिसिंग आणि दुरुस्तीला वर्षाला ४० हजार, पाच वर्षांचे २ लाख. विमा वर्षाला १० हजार, म्हणजे ५० हजार. शिवाय एका मोठ्या कामासाठी दीड लाख बाजूला. तेही धरलेच पाहिजेत, कारण या गाडीतला सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा आहे आणि त्याची नाजूक बाजू जगाला ठाऊक आहे. २०१३मध्ये चीनमध्ये डीएसजीच्या तक्रारींवरून कंपनीला ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. माझ्या गाडीत अजून तसं काही झालेलं नाही, पण म्हणून हिशोबात शून्य लिहिणं चुकीचं ठरेल.

पेट्रोलचा फरकही जुन्या गाडीच्या खात्यात टाकतो. वर्षाला १० हजार किलोमीटर, जुनीचं शहरी मायलेज १२, नवीचं १४, पेट्रोल १०४ रुपये लिटर. जुनीला ८६ हजार ६६७ रुपये लागतात, नवीला ७४ हजार २८६. वर्षाचा फरक १२ हजार ३८१, पाच वर्षांचा ६२ हजार. यात इथेनॉलचाही वाटा आहे. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या घडणीच्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. नव्या, त्या पेट्रोलसाठी जुळवलेल्या गाड्यांना तोटा १ ते २ टक्के. मायलेज मिळेना म्हणून गाडी बदलायची असं बरेच जण म्हणतात, त्यांनी हा ६२ हजारांचा आकडा आणि वरचा १ लाख ९६ हजारांच्या व्याजाचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहावा.

तर जुन्या गाडीची बेरीज ६ लाख ६२ हजार आणि नवीची १० लाख ७३ हजार. फरक ४ लाख ११ हजार, महिन्याला ६ हजार ८५०. बदल्यात १५ पीएस जास्त मिळतात. भागाकार केला की एका अश्वशक्तीला २७ हजार ४०० रुपये पडतात. टॉर्कचा भाव काढता येत नाही, कारण तो वाढलेलाच नाही.

उलट्या बाजूनेही तपासून पाहिलं. नवी गाडी स्वस्त ठरायची तर जुनीवर किती खर्च व्हायला हवा? मोठ्या कामाचे दीड लाख धरलेच आहेत, त्यात हे ४ लाख ११ हजार मिळवले की ५ लाख ६१ हजार होतात. म्हणजे वर्षाच्या ४० हजारांच्या नेहमीच्या खर्चाशिवाय, पाच वर्षांत साडेपाच लाखांची मोठी कामं निघाली तरच दोन्ही पारडी समान होतात. गिअरबॉक्सचं दीड लाखाचं काम तीनदा निघालं तरी जुनी गाडीच स्वस्त पडते. हा आकडा हाती आल्यावर माझी एक भीती गेली. ‘उद्या गिअरबॉक्स गेला तर’ हे वाक्य मी दोन वर्षं स्वतःला ऐकवत होतो. गेला तर दीड लाख. दुःख होईल, पण नवी गाडी काढण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

मग थांबायचं, हे ठरलं. पण कशासाठी थांबायचं? बहुतेक जण म्हणतात, कंपनी आणखी दमदार हॅचबॅक आणेल तेव्हा घेऊ. मला वाटतं, ही वाट पाहणं म्हणजे बंद झालेल्या मार्गावर एसटीची वाट पाहणं आहे. त्याचं कारण आपल्या करपद्धतीत आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

२००६च्या अर्थसंकल्पात सरकारने ‘छोटी गाडी’ची व्याख्या केली. लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५००पर्यंत. या चौकटीत बसणाऱ्या गाडीचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. तेव्हापासून भारतात छोट्या गाडीचं इंजिन अभियंत्यांच्या आधी करखातं ठरवतं. पोलोची लांबी ३९७१ मिलिमीटर आणि इंजिन ११९७ सीसी, दोन्ही आकडे कुंपणाला खेटून. एन लाइनची लांबी ३९९५, इंजिन ९९८ सीसी. काहींनी कुंपण ओलांडायचं धाडसही केलं. २०१५मध्ये फियाटने अबार्थ पुंटो आणली, १३६८ सीसी, १४५ पीएस, २१२ न्यूटन-मीटर, शून्य ते शंभर ८.८ सेकंद, किंमत ९ लाख ९५ हजार. त्या वर्षी छोट्या गाडीला साडेबारा टक्के शुल्क होतं, हिला २४ लागलं. रांजणगावात तयार झालेली ती गाडी आजही कुणाच्या सोसायटीत दिसली की मी थांबून पाहतो. पण तिच्या वाटेने पुढे फारसं कुणी गेलं नाही.

२२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे नवे दर आले. छोट्या पेट्रोल गाडीचा कर सेससह २९ टक्क्यांवरून १८वर आला. १५०० सीसीच्या आतल्या मोठ्या सेदानचा ४५वरून ४०वर. सगळ्यांनी स्वस्ताईच्या बातम्या वाचल्या, पण मला दोन दरांमधलं अंतर महत्त्वाचं वाटतं. आधी ते १६ टक्क्यांचं होतं, आता २२चं झालं. छोट्या गाडीभोवतीचं कुंपण आणखी उंच झालं. कुठली कंपनी आता चार मीटरच्या हॅचबॅकमध्ये दीड लिटरचं इंजिन घालून १८ऐवजी ४० टक्के कर ओढवून घेईल? त्यातून हॅचबॅकचं गिऱ्हाईकही आटत चाललं आहे. २०२४-२५मध्ये देशात ४३ लाख प्रवासी वाहनं विकली गेली, त्यांतली ६५ टक्के एसयूव्हीच्या वर्गातली. पोलो तर बारा वर्षांनी, २०२२मध्ये, ‘लीजंड’ नावाच्या शेवटच्या ७०० गाड्या काढून चाकणमधून निघून गेली.

खऱ्या अर्थाने दमदार हॅचबॅक येतात, पण बाहेरून बनून. मे २०२५मध्ये गोल्फ जीटीआय आली, २६५ पीएस, ३७० न्यूटन-मीटर, शून्य ते शंभर ५.९ सेकंद. पहिल्या खेपेला १५० गाड्या, किंमत ५२ लाख ९९ हजार एक्स-शोरूम. परदेशी प्रमाणपत्रावर वर्षाला २५०० गाड्यांपर्यंत आयात करण्याची सवलत आहे, त्या वाटेने ती आली. आली याचा मला मनापासून आनंद झाला. पण आपल्या हिशोबात ती बसत नाही आणि पुढेही बसणार नाही.

जीएसटीच्या त्या बदलात थांबलेल्यांचा फायदा झाला, हेही सांगायला हवं. १० लाखांच्या छोट्या गाडीची करापूर्वीची किंमत येते ७ लाख ७५ हजार १९४. त्यावर १८ टक्के लावले की ९ लाख १४ हजार ७२९. म्हणजे ८५ हजार २७१ रुपये वाचले, त्यावरचा ११ टक्के रोड टॅक्स ९ हजार ३८०. एकूण ९४ हजार ६५१. पण नव्या स्वस्त झाल्या की जुन्यांचाही भाव उतरतो. ४ लाखांची जुनी गाडी त्याच प्रमाणात, साडेआठ टक्क्यांनी, उतरली असं धरलं तर ३४ हजार तिथे गेले. हाती उरले साठ हजार. वाईट नाही, पण पेपरातल्या मथळ्याएवढेही नाही.

आता वाट पाहण्याजोगी गोष्ट कोणती, ते सांगतो. चाकणमध्येच तयार होणाऱ्या फोक्सवॅगनच्या व्हर्टसमध्ये दीड लिटरचं टर्बो इंजिन मिळतं, १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर. पोलोपेक्षा ४५ पीएस आणि ७५ न्यूटन-मीटर जास्त. याला बढती म्हणता येतं. गाडी हॅचबॅक नाही, सेदान आहे, पण चालवण्याची मजा शोधणाऱ्याला तीच खरी पुढची पायरी. जून २०२२मध्ये हे इंजिन सुमारे १८ लाखांच्या एक्स-शोरूम किमतीला आलं. विम्याच्या घसाऱ्याच्या पट्टीने तिसऱ्या वर्षातल्या गाडीचं मोल ७० टक्के, म्हणजे १२ लाख ६० हजार. नव्या टर्बो हॅचबॅकच्या ऑन-रोड किमतीइतकंच. आणि महाराष्ट्रातच पासिंग झालेली गाडी असेल तर तिचा २ लाख १६ हजारांचा रोड टॅक्स आधीच्या मालकाने भरलेला असतो. तेवढ्याच पैशांत नवीतून १५ पीएस मिळतात, सेकंड हँडमधून ४५. आणखी दोन वर्षं थांबलं तर तीच गाडी पाच वर्षांची होऊन ९ लाखांवर येते. म्हणजे थांबल्याचे ३ लाख ६० हजार मिळाले, आणि त्या दोन वर्षांत माझ्या पोलोची घट झाली ८० हजार.

यात दोन अडचणी आहेत, त्या लपवत नाही. कंपनीची हमी चार वर्षं किंवा १ लाख किलोमीटरची, म्हणजे पाच वर्षांची गाडी घेतली तर ती संपलेली असणार, आणि तिच्या ऑटोमॅटिकमध्येही कोरड्या क्लचचाच डीएसजी आहे. मी मॅन्युअल शोधेन. दुसरी अडचण लांबीची. व्हर्टस ४५६१ मिलिमीटर, पोलोपेक्षा ५९ सेंटिमीटर लांब. आमच्या सोसायटीतल्या खांबांमध्ये मी टेप धरून मोजलं. बसते, पण डिकी उघडायची तर गाडी पुढे घ्यावी लागेल.

‘रीमॅप’ करून घे, असंही सुचवणारे भेटतात. इंजिनाच्या संगणकात नवी प्रणाली घालून त्याच इंजिनातून जास्त ताकद काढायची. पैशांच्या भाषेत हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. तरीही मी तो घेणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ नोंदीत बदल करायला मनाई आहे, दर बदलाला ५ हजारांचा दंड होऊ शकतो, आणि अपघातानंतर विमा कंपनीने दावा नाकारला तर बाकीचा सगळा हिशोब कोलमडतो.

एक प्रश्न मात्र असा आहे, की तिथे वरची सगळी गणितं बाजूला ठेवावी लागतात. माझ्या पोलोत दोन एअरबॅग आहेत. २०१४च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले होते आणि दोन एअरबॅगवालीला चार. पण त्या वेळी फक्त समोरून, ६४ किलोमीटर वेगाने धडक तपासत. २०२२पासून बाजूची धडकही तपासली जाते, आणि त्या कडक चाचणीत व्हर्टसला २०२३मध्ये पाच तारे मिळाले. जीटीमध्ये घसरण सावरणारी ईएसपी यंत्रणा आहे, हे तिच्या बाजूचं मोठं पुण्य. तरीही मागच्या सीटवर रोज लहान मूल बसत असेल, आठवड्याला हायवे होत असेल, तर महिन्याचे ६ हजार ८५० रुपये मी अश्वशक्तीला नव्हे, सहा एअरबॅगना लावीन आणि जास्त विचार करणार नाही. आमची मुलगी आता बंगळूरला असते. मागची सीट बहुतेक वेळा रिकामी. म्हणून माझं उत्तर वेगळं येतं. तुमचं तुम्ही बघा, पण आकडे मांडायच्या आधी मागे कोण बसतं ते लिहा.

गेल्या महिन्यात गाडी नेहमीच्या गॅरेजला नेली. विकायची झाली तर किती येतील हे विचारायलाच गेलो होतो. गॅरेजवाले अण्णा चाक वळवून खाली बसले, टॉर्च मारला आणि म्हणाले, “साहेब, इंजिनाला काही धाड भरलेली नाही. आधी हे टायर बघा.” टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे ३११८ होतं. म्हणजे २०१८चा एकतिसावा आठवडा. नक्षी अजून शिल्लक होती म्हणून मी निर्धास्त होतो, पण रबर दगडासारखं झालेलं. नखाने दाबून पाहिलं, खूण उमटली नाही. माझीच हयगय.

त्या रात्री अजून एक गणित केलं. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. टायरची पकड ०.८ धरली तर गाडी ४९ मीटरमध्ये थांबते, ०.७ धरली तर ५६ मीटरमध्ये. सात मीटरचा फरक, जवळपास दोन पोलो एकीमागे एक उभ्या राहतील इतका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात कारला वेगमर्यादाच ताशी १०० आहे. तिथे १२० पीएस असोत की २६५, पुण्याला पोचायची वेळ तीच. थांबायचं अंतर मात्र टायरवर ठरतं.

चार टायर ३४ हजार, चारही शॉक अॅब्सॉर्बर आणि पुढच्या आर्मचे रबर बुश, ब्रेक पॅड आणि व्हील अलाइनमेंट धरून एकूण बिल ६१ हजार २०० झालं. दोन दिवसांनी पहाटे साडेपाचला वाईतून निघालो. पसरणीच्या तिसऱ्या वळणावर पूर्वी स्टिअरिंग थोडं जास्त फिरवावं लागायचं आणि गाडी बाहेर ओढायची. आता ती वळणाच्या आतल्या कडेला धरून गेली. वर हॅरिसन फॉलीला गाडी उभी केली, बॉनेटमधून तापलेल्या धातूची टिकटिक येत होती आणि खाली कृष्णेच्या खोऱ्यात धुकं.

वहीत नोंद केली आहे. ३१ मार्च २०२७ला दीड लिटरच्या मॅन्युअल गाड्यांचे भाव पुन्हा बघायचे, ९ लाखांच्या आसपास महाराष्ट्रात पासिंग झालेली, एका मालकाची मिळाली तर बोलणी करायची. पन्नास टक्के नो-क्लेम बोनस जमला आहे, तो गाडीचा नसून माझा आहे, गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्यायचं. भाव पटला नाही तर पोलोची पंधरा वर्षं २०३०मध्ये भरतात, तेव्हा नोंदणी नव्याने करून घ्यायला ५ हजार रुपये शुल्क आहे. टायरवरचे नवे आकडेही त्याच पानावर लिहून ठेवले आहेत.